दिवेलागणीला मागून आणलेला दगड

या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या बंद खोलीत पैंजण वाजतात... मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. जे नळीत, तराजूत किंवा मीटरवर येत नाही ते माझ्यासाठी नसतंच. घरात देवघर आहे, पण ते बायकोच्या ताब्यात. मी स्वतः कधी इथे लिहायला बसेन असं कुणी म्हणालं असतं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

आणखी एक आधीच सांगतो. यात भूतबित काही नाही. यात माझा साडू आहे. आणि मी माझ्या साडूवर जळतो. जळत होतो असं नाही — आजही, हे लिहितानासुद्धा, जळतो.

आम्ही राहतो अंकुशनगरला, कारखान्याच्या कॉलनीत. अंबडच्या पुढे, चहूकडे ऊस. हंगाम चालू असला की हवेत मळीचा आंबूस वास आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी. घरात मी, बायको वैशाली आणि चौथीतली मुलगी जुई. वैशालीची धाकटी बहीण रूपाली जालन्याला दिलीय, तिचा नवरा नितीन. त्याचं बियाण्याचं दुकान आहे. मोठ्याने हसतो, सगळ्यांना नावाने हाक मारतो, गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याला बघून शेपटी हलवतात. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या हॉलमध्ये, जिथे इतरांचा टीव्ही असतो तिथे, समुद्र आहे.

समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याची रीफ टाकी. साधे गोल्डफिश नाहीत त्यात. आत समुद्रातले सच्छिद्र दगड, त्यांवर चिकटलेली जिवंत कोरल — निळा दिवा लावला की फुलांसारखी उमलणारी. एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा, एक पिवळाधमक मासा, आणि नारिंगी क्लाऊनफिशची जोडी. त्या जोडीतल्या एकाच्या शेपटीवर काळा गोल ठिपका होता, शर्टाच्या बटणासारखा. जुईने त्याचं नाव ठेवलं होतं बटण्या.

ज्या जालन्यात नळाला पाणी कधी येईल हे विचारायची सोय नाही, तिथे हा माणूस आरओचं पाणी ड्रममध्ये साठवून, त्यात खास मीठ कालवून समुद्र बनवतो. लाइट गेली की आधी टाकीचा पंप इन्व्हर्टरवर, मग बायकोचा पंखा. एप्रिल-मेमध्ये पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडून बसतो. मी म्हणायचो, रिकामटेकडे उद्योग! तोंडावर म्हणायचो. तो हसायचा.

माझी जुई फार कमी बोलते. शाळेतल्या बाई म्हणतात, वहीत सगळं बरोबर, पण तोंड उघडत नाही. घरी हो, नाही, भूक लागली... डॉक्टर म्हणाले, स्वभाव आहे, मागे लागू नका. आम्ही मागे लागलो नाही. पण बापाला वाटतं हो, कारखान्यातून आल्यावर कुणीतरी दिवसभराचं सांगावं.

एका रविवारी जालन्याला जेवून मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो. बाहेरून एक आवाज येत होता, धबधब्यासारखा, थांबायचं नाव नाही. शेजारचं पोर आलं असेल असं वाटलं. उठून दारात आलो तर टाकीसमोर नितीन वेताच्या बैठ्या मोढ्यावर बसलेला, त्याच्या शेजारी खाली जुई, आणि बोलत होती ती! शाळेत कुणाचा डबा सांडला, बाई कशा ओरडल्या, बटण्या कसा लाजतो... हातवारे करून. आणि तो मध्येमध्ये "आसं? मंग?" म्हणत होता, बस.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला ते बोलणं माझ्या घरात हवं होतं.

तर मीही टाकी घेतली. औरंगाबादहून काच, दिवा, पंप, मिठाची पिशवी सगळं आणलं. नितीनला एका अक्षराने विचारलं नाही. मी केमिस्ट, मला काय विचारायचंय! समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्के, एवढं पुस्तकात आहे. माझ्याकडे स्वतःचा जुना हातातला रिफ्रॅक्टोमीटर होता — उसाच्या रसातली साखर बघतो ना आम्ही, काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायचं, आत रेघ दिसते. रेघ साडेतीनवर येईपर्यंत मीठ टाकलं. झाला समुद्र.

मासे आणले, मेले. पुन्हा आणले, पुन्हा मेले. कोरल आठवड्यात पांढरं पडलं. जुई रोज सकाळी टाकीकडे बघायची, दप्तर उचलायची आणि जायची. एकदाच म्हणाली, "काकांचे मरत न्हाईत." हे तिचं त्या आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य.

शेवटी वैशालीनेच बहिणीला फोन करून नितीनला बोलावलं. तो आला, टाकीत हात घालून पाणी चाटलं, आणि म्हणाला, "साडभाऊ, मीठ कमी पडून राह्यलंय. कशानं मोजता?" मी ऐटीत मीटर काढून दिलं. त्याने ते उजेडाकडे धरलं, मग उलटून त्याच्यावरची अक्षरं वाचली आणि असा हसला की कॉलनीतल्या बायका खिडकीत आल्या.

"आहो, हे तर साखरेचं हाय! साखरंची रेघ येगळी, मिठाची येगळी. साडेतीन म्हंजे साडेतीन न्हाई यात."

मी केमिस्ट. माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नव्हतं. रोजच्या हाताची सवय, दुसरं काय. तेवढंही मी गिळलं असतं. पण त्याच्या मागे उभी असलेली जुई टाळ्या पिटत म्हणाली, "बाबांनी समुद्राची साखर मोजली!" आणि खदाखदा हसली. माझ्या घरात, माझ्या टाकीसमोर, पहिल्यांदा हसली ती अशी.

नितीन मनाचा मोठा. हेच तर त्याचं वाईट आहे. म्हणाला, "तुम्ही जालन्याला या, माझ्या टाकीतला एक जुना दगड देतो. त्यात सगळे जंतू हायेत चांगले, दुधात इरजण टाकल्यावानी काम करतात. टाकी बराबर लागती मंग."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. कारखान्यातून निघायलाच उशीर झाला, पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कुंभार पिंपळगावहून तिथे येऊन राहिल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात निरांजन. नितीनने खाऱ्या पाण्यासकट दगड बादलीत काढला तशा त्या दारात आडव्या आल्या.

"दिवे लागले की मीठ देऊ न्हाई, इरजण देऊ न्हाई. हे तर दोन्ही हाय. सकाळी न्या, जावईबापू."

"मामी, दगड आहे तो," मी म्हणालो.

"दगड असंल. त्याच्यासंगं घरचं काय काय जातं, तुमाला काय दिसतं?"

नितीन हसला. "जाऊ द्या हो मामी. साडभाऊ काय परके हायेत का?" आणि बादली माझ्या हातात दिली.

आता हे नीट सांगतो, कारण माझ्या मते जे झालं ते इथेच झालं. बादली हातात घेऊन मी वळलो. निळा दिवा लागला होता. जुई काचेला नाक लावून बटण्याशी कुजबुजत होती आणि तिचा सगळा चेहरा उजळला होता. मी टाकीकडे बघितलं. एकेका गोष्टीकडे बघितलं. झिंगा, पिवळा मासा, कोरल, बटण्या. आणि मनात अगदी स्पष्ट म्हणालो — हे सगळं माझ्याकडे पाहिजे. याच्यासारखं दुसरं नको. हेच पाहिजे.

घरी येऊन दगड टाकीत ठेवला. पाण्याला मात्र हात लावला नाही — त्याच्या सांगण्यावरून मीठ बदलायचं जिवावर आलं होतं. पाणी होतं तसंच, साखरेच्या रेघेचं.

काही दिवसांनी दगडामागे एक मिशी हलताना दिसली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा. मी खूश! असल्या दगडातून बारीकसारीक जीव येतात, हे मी वाचलं होतं. पण तो बारीकसारीक नव्हता, बोटाएवढा होता. संध्याकाळी वैशाली सहज म्हणाली, "रूपालीचा फोन आल्ता. त्यांचा झिंगा दिसंना म्हणे." मी म्हणालो, कात टाकायला लपला असेल.

मग कोरल. आपल्या दगडावर सकाळी उठून बघावं तर एका कोपऱ्यात हिरवी-जांभळी फुलं उमललेली, तळहाताएवढी. एवढं वाढायला वर्ष जातं. तेही कमी मिठाच्या पाण्यात, जिथे माझी स्वतःची कोरल पांढरी पडून मेली! मी नितीनला फोन केला नाही. मनात म्हणालो, बघ, माझ्याकडेही लागतंय.

आता बटण्याचं. नितीन रोज संध्याकाळी माशांना खाऊ घालतानाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतो. त्या संध्याकाळीही टाकला. बटण्या त्यात स्वच्छ दिसतो, शेपटीवरच्या ठिपक्यासकट. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. आमच्याकडून त्या दिवशी कुणी जालन्याला गेलं नाही, तिकडून कुणी आलं नाही, माझी गाडी अंबडच्या गॅरेजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला जायच्या आधी टाकीचा दिवा लावला आणि... बटण्या. माझ्या टाकीत. दगडाशी अंग घासत, जसं काही तिथेच जन्मला होता.

मी खुर्चीत बसलो. तेवढ्यात फोन वाजला.

"साडभाऊ, बटण्या न्हाई हो." नितीनचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "उडी मारली आसंल म्हणून सोफा हलवला, कपाट हलवलं. बिलकुल पत्ता न्हाई. जुईला सांगू नका एवढ्यात."

मी बटण्याकडे बघत होतो. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "असेल कुठेतरी."

घाबरायला हवं होतं, नाही का? तेही नंतर वाटलं. त्या क्षणी मला आनंद झाला. मी जुईला हाक मारली, तिचे डोळे झाकून तिला टाकीसमोर आणलं आणि हात काढले. वाट बघितली, आता ओरडेल, आता सुरू होईल!

तिने वाकून त्याच्या शेपटीवरचा ठिपका बघितला. मग म्हणाली, "काकांना सांगितलं?"

"सांगू."

तिने दप्तर उचललं. त्यानंतर माझ्यासमोर ती त्या टाकीजवळ कधी बसली नाही.

हळूहळू सगळं आलं. पिवळा मासा, बटण्याची जोडीदारीण, उरलेली कोरल. काही सकाळी नवीन असायचं, काही सकाळी नसायचं. जालन्याहून फोन यायचे — आज हे गेलं, आज ते गेलं. नितीनने पाणी तीन ठिकाणी तपासून घेतलं, पंप बदलला, स्वतःलाच दोष देत राहिला. येतो म्हणाला की मी काहीतरी कारण सांगायचो, ओव्हरटाइम, पाहुणे, जुईची परीक्षा. माझी टाकी त्याच्यापेक्षा सुंदर झाली होती आणि मी ती कुणाला दाखवू शकत नव्हतो!

वैशालीने एकदा कणीक मळता मळता थांबून विचारलं, "खरं सांगा. तुम्ही आणलं का हे सगळं तिकडून?"

"जुईची शपथ, नाही."

"तिची शपथ घेऊ नका," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. तिने विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नसता.

शेवटी जालन्याच्या टाकीत नुसतं पाणी आणि वाळू राहिली. तरी जुई दर रविवारी जायचा हट्ट धरायची. तिला सोडायचो आणि खालूनच परत यायचो, वर जायची हिंमत नव्हती. एकदा वैशालीने दिलेला लोणच्याचा डबा गाडीत राहिला, तो द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं.

रिकाम्या टाकीसमोर नितीन मोढ्यावर बसला होता. दिवा लावलेला, पंप चालू. शेजारी जुई. आणि ती बोलत होती.

"...आज बटण्यानं समदं खाल्लं. पिवळ्यानं त्याला ढकललं, मंग तो रुसून दगडामागं गेला. झिंग्यानं पुन्हा कात टाकलीय. मी बाबा कारखान्यात गेले ना, की बघती."

"आसं?" नितीन म्हणाला. "मंग?"

मी डबा दाराशी ठेवला. त्याला माहीत होतं. केव्हापासून ते कळलं नाही, पण पोरीने सांगितलं होतं. त्याने एका शब्दाने मला विचारलं नव्हतं. मला बघून तो उठला, त्याच जुन्या आवाजात म्हणाला, "या, साडभाऊ, बसा," आणि माझा चेहरा बघून खालच्या आवाजात, "असू द्या हो. कसं गेलं ते मला कळत न्हाई, तुम्हालाबी कळत नसंल. तिकडं जगून राह्यलेत ना? बस."

लोक म्हणतील अशा माणसाच्या पाया पडावं. मला तर त्या मोढ्यावरून त्याला उठवून तिथे स्वतः बसावंसं वाटलं.

पुढच्याच रविवारी, भर उजेडात, मी सगळं बादल्यांत भरून परत नेलं. दगडसुद्धा. नितीनने एकेक जीव हाताने सोडला, रूपाली रडत होती, जुई उड्या मारत होती. सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा ते सगळे माझ्या टाकीत होते. दगडही, त्याच कोपऱ्यात, त्याच कुशीवर. जालन्याला फोन केला. नितीन म्हणाला, "व्हय, गेले." एवढंच.

सासूबाईंचा डोळा एव्हाना उघडला होता. त्यांनी फोन मागून घेतला. "जावईबापू, तुमी हातानं नेलं अस्तं तर हातानं परत आलं अस्तं. हे नजरंनं गेलंय." मग, रागाने नाही, तब्येत विचारावी तसं विचारलं, "आजून जळून राह्यले का?"

मी फोन ठेवला.

वाचकांनी मला तोडगे कळवू नयेत, ही विनंती. लिंबू, बाहुली, अंगारा सगळं वैशालीने करून झालंय. शास्त्राच्या बाजूने म्हणाल तर माझ्याकडे काहीच नाही. पाणी आजही चुकीचं आहे, त्यात ते कोरल जगायला नको. मासे अंबडमार्गे चालत येत नाहीत. व्हिडिओ खोटा नाही. मी जेवढं बघितलं तेवढं लिहिलं, कसं झालं ते मला माहीत नाही.

एकच गोष्ट राहिली. परवा जालन्याहून परत येताना जुई मागच्या सीटवर गप्प होती. अंबड गेलं तरी गप्प. मी आरशात बघत म्हणालो, "मला पण सांग ना बटण्याचं. काकांना सांगतेस तसं."

तिने खिडकीतून नजर काढली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तुम्हाला काय सांगू बाबा?" ती म्हणाली. "तुमच्याकडंच हाय ना तो."

आता रोज सकाळी उठलो की चहाच्या आधी, चष्मा लावायच्याही आधी, मी टाकीकडे बघतो. ती रिकामी दिसावी म्हणून बघतो. मग नितीनचा तो मोढा आठवतो, त्याच्या शेजारी बसलेली ती आठवते, तिचं ते बोलणं आठवतं... आणि बटण्या दगडामागून बाहेर येतो.